एका पायावर मोठी माय

सकाळी आमच्या मोठी मायकडे कोणी गेलं, तर ती ओट्यावर एक पाय उचलून मंजन लावत असते. पाहुणा गोंधळतो. ती तोंडातलं बोट न काढता दुसऱ्या हाताने ‘बठ’ अशी खूण करते आणि पाय बदलते.

मोठी माय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. वय सत्तरीच्या जरा पुढे, मुक्काम सारंगखेडा, आवाज तापीच्या पल्याड ऐकू जाणारा. साखर पंधरा वर्षांची. पण तिला ती आजार मानत नाही, भाडेकरू मानते. “ऱ्हाऊ दे तिले. पन घर मन्हं शे.”

या भाडेकरूने हळूहळू तिच्या पायांचा ताबा घेतला. चालताना चप्पल निसटली, तर मागून येणारी शेजारीण ते सांगायची. “मन्हा पाय झोपी गयात, नाना. मी एकलीच जागी शे,” असं ती मला म्हणायची आणि स्वतःच हसायची.

हसू थांबलं ते गेल्या साली श्रावणात. आमच्याकडे तेव्हा कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी घरच्या बाईने चौरंग डोक्यावर घेऊन देवीला वाजतगाजत तापीवर न्यायचं. चाळीस वर्षं हा मान मोठी मायचा. गेल्या साली गल्लीच्या वळणावर तिचा तोल गेला आणि ती नालीत बसली. चौरंग मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. देवीची नथसुद्धा हलली नाही. लोकांनी आधी कानबाई उतरवून घेतली, मग मोठी मायला वर काढलं. घरात ठरलं, पुढच्या साली देवी शोभावहिनीच्या, म्हणजे सुनेच्या डोक्यावर. मोठी माय दोन दिवस कोणाशी बोलली नाही. एवढी शांतता सारंगखेड्याने पहिल्यांदाच ऐकली.

तिसऱ्या दिवशी मला तिचा फोन. मी शहाद्याला राहतो आणि घराण्यात रिकामा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. मी तिला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, “आजी, पायांना कळत नाही ना, मग तोल पुन्हा शिकवायचा. खुर्ची धरून एका पायावर उभं राहायचं. टाचेला अंगठा लावत सरळ चालायचं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. आणि अनवाणी फिरायचं नाही, पायाला लागलं तरी समजणार नाही.”

“कानबाई डोकावर लिसन चालता येई का?”

“काही न धरता एका पायावर दहा आकडे उभ्या राहा, मग बोलू.”

दहा आकडे म्हणजे काय मोठंसं, म्हणून मी सहज पाय उचलून दाखवला. चौथ्या आकड्याला मी मॅडमच्या भिंतीवरचा हाडांचा तक्ता घेऊन खाली आलो. “तुम्हालाही साखर आहे का?” मॅडमनी विचारलं. ही गोष्ट मी घरात जाहीर केलेली नाही, कारण जिलबीचा प्रश्न आहे. मी घसा खाकरत होतो, तेवढ्यात मोठी माय म्हणाली, “याले बी शे. याले वाटस, कोनले माहीत नही.”

झालं, वर्गात दोन विद्यार्थी. दर रविवारी मी सारंगखेड्याला. मोठी मायने खुर्ची पहिल्याच दिवशी बाद केली आणि शोभावहिनीचा खांदा धरला. “खुर्ची हालस. सून हालत नही.” आकडेही वहिनीनेच मोजायचे, आणि वहिनी ते फार हळू मोजते अशी सासूबाईंची रोजची तक्रार. “हिना एक आनि दोनमा मानूस जेवी येस.” वहिनी शांतपणे म्हणे, “तीन.”

महिने गेले. आखाडात मोठी माय खांदा सोडून दहापर्यंत उभी राहिली. मी सातावर होतो. मॅडम म्हणाल्या, सपाट रस्त्यावर चालेल, पण पायात बूट हवेत आणि उतार नको. तिने पांढरे, नाडीचे बूट घेतले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि देवघराशेजारी ठेवले. भाऊबंद खवळले. कानबाईच्या मिरवणुकीत बूट?

“बूट मन्हा पायमा. कानबाई मन्हा डोकावर. दोन्हीसना मधमा पुरी मी शे,” तिने सांगितलं.

मिरवणुकीत मी तिच्या मागे दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारखा. नालीचं वळण आलं, गल्लीने श्वास रोखला, बूट पुढे गेले. मग घाट आला. उतार, त्यावर चिखल. दोन पुतणे दंड धरायला धावले. मोठी माय थांबली. तिने उताराकडे पाहिलं, पुतण्यांकडे पाहिलं. वाजंत्रीही थांबली.

“शोभा, ये. आठेन पुढे तू.”

वहिनी नाही नाही म्हणत रडायला लागली.

“मंग रड. आधी मान सरळ धर,” म्हणत मोठी मायने स्वतःच्या हातांनी चौरंग तिच्या डोक्यावर ठेवला, आणि वहिनी पाण्याला लागेपर्यंत वरून एकटक बघत राहिली. मोठी मायकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

वहिनी वर आली ती सरळ तिच्यापाशी. तिने सासूचे दोन्ही हात धरले आणि फुगडी सुरू केली. आम्ही ओरडलो, पण बायकांनी कडं केलं होतं, आम्हाला कोण विचारतो. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वहिनी चक्कर येऊन खाली बसली होती, आणि मोठी माय पदर खोचत उभ्या उभ्या विचारत होती, “आते कोन?”