डावा कोपरा

"आधी कोपरे सांगा."

कुणी काहीही विचारलं, तरी आमच्या मॅनेजरांचं उत्तर इथूनच सुरू व्हायचं. यंदा संघ कसा असेल म्हणा, गावी घर बांधतोय म्हणा, बहिणीचं लग्न ठरतंय म्हणा. ते मान तिरकी करायचे, उजव्या हाताची दोन बोटं जमिनीकडे फाकवायचे आणि विचारायचे, आधी कोपरे सांगा. म्हणजे भरवशाची दोन माणसं कोण ते सांगा, बाकीचं मग बघू.

कबड्डी पाहिली असेल तर तुम्हाला हे ठाऊकच आहे. सात जण हात धरून उभे राहतात, त्यातले दोन टोकांचे ते कोपरे. चढाईवाला आत आला की त्याचा घोटा पकडायचा तो कोपऱ्याने. त्याच्या हातून घोटा निसटला तर बाकीच्यांनी आपापलं अंग झाडायचं आणि बाहेर जाऊन बसायचं.

मॅनेजर म्हणजे कुठल्या कंपनीचे मॅनेजर नव्हेत हो. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला होते आणि गिरणीच्या कबड्डी संघाची सगळी उठाठेव त्यांच्याकडे होती. आम्ही सगळे त्यांच्याच खटपटीने गिरणीत लागलेलो. त्यामुळे आईबापांनंतर आम्ही त्यांनाच वचकून असायचो.

पावसाळ्यात मैदानात चिखल, खेळ बंद. आणि खेळ बंद झाला की मॅनेजरांचा खरा हंगाम सुरू व्हायचा. कोण सोडून चाललाय, शेजारच्या गिरणीतला कोण नाराज आहे, घोडपदेवच्या मंडळात कोणतं पोरगं बरं खेळतंय, सगळी खबर त्यांच्याकडे. रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या खोलीवर जमायचो. चपला दाराबाहेर, गॅलरीत. गप्पा रंगात आल्या की ते उठून बाहेर जायचे, उकिडवे बसायचे आणि आमच्या चपलांचा पुढच्या वर्षीचा संघ लावायचे.

एका माणसाची एकच चप्पल. दोन टोकांना आधी कोपरे, मग मधले. नवा गडी अजून आपल्याकडे आलेला नसला, तर त्याच्या जागी काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, चप्पल. मग ही चप्पल तिकडे, ती इकडे, असं तासन्‌तास चालायचं. ते "उचला" म्हणेपर्यंत कुणी चपलेला हात लावायचा नाही, हा कायदा. कुणाला पाळीवर जायचं असो, कुणाला सासुरवाडीला. काकी पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "माका बाजारात जावचा हा, आणि माझी चप्पल ह्यांनी मैदानात उतरवल्यानी."

माझी चप्पल त्या सातांत कधी लागली नाही. मी राखीव. राखीव म्हणजे सगळ्यांचे कपडे सांभाळणारा, लिंबू कापणारा, कुणाचा पाय मुरगळला तर आत जाणारा. आणि आमच्यात कुणाचा पाय मेला मुरगळायचाही नाही. मॅनेजर मला नावाने कधी हाक मारत नसत. "रे राखीव" म्हणायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, निदान आता तरी वाटत नाही.

डाव्या कोपऱ्यावर मात्र वर्षानुवर्षं एकच चप्पल असायची, विजूची. विजू त्यांचा मुलगा. अंगाने काटकुळा, बोलणं कमी. पण घोटा धरला की धरला. समोरचा आदळून उठला की हाच त्याच्या अंगावरची माती झटकायचा. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. बापाने मात्र त्याची तोंडभरून स्तुती केलेली कुणी ऐकली नाही. फार तर म्हणायचे, "बरो आसा."

मग संप झाला.

पहिले काही महिने आम्हाला ती सुट्टीच वाटली. आज मिटेल, उद्या मिटेल करत दिवस चालले होते. मग घराघरातली भांडी विकायला निघाली, शेजारी हळूहळू गावी जायला लागले, आणि आम्ही संपाविषयी बोलायचंच सोडलं. त्या पावसाळ्यात मॅनेजरांनी चपलांचा संघ लावला तेव्हा गॅलरीत चपला कमी होत्या. पण ते लावत बसले होते. गिरणी सुरू झाली की संघ तयार पाहिजे, असं म्हणत होते.

त्याच सुमाराला ऑफिसांची माणसं यायला लागली. बँका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या, सगळ्यांना खेळाडू हवे होते, आणि गिरण्यांचे खेळाडू घरी बसलेले. पण आमच्यातला कुणीही मॅनेजरांना विचारल्याशिवाय जायला तयार नव्हता. त्यांनी "जा" म्हटलं तरच जायचं, असं आमचं आमच्यातच ठरलेलं. आणि प्रत्येक "जा" म्हणजे त्यांच्या संघातला एकेक गडी कमी.

ते "जा" म्हणाले. नुसते म्हणाले नाहीत, पोचवायला गेले. धुतलेला पांढरा शर्ट घालायचे, हातात नारळ घ्यायचे आणि गड्याला घेऊन त्या नव्या संघाच्या मैदानावर हजर व्हायचे. तिथल्या साहेबाच्या हातात नारळ द्यायचे आणि गड्याच्या खोडी समजावून सांगायचे. याचा गुडघा दुखतो, रोज पळवू नका. हा रागीट आहे, पण मनाने वाईट नाही. याला सामन्याआधी वडे खाऊ देऊ नका. लेकीला सासरी पोचवायला गेलेला बाप याहून वेगळं काय बोलतो? परतताना शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून राहायचे. एकदा मी सोबत होतो. उठताना म्हणाले, "गिरणी सुरू झाली की येतील सगळे माहेरी." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

असं करत एकेक गेला. उजवा कोपरा गेला, मधले गेले, चढाईवाले तर सगळ्यांत आधी उचलले गेले. विजूलाही मागणी होती, चांगल्या बँकेची होती. मॅनेजर त्यांना सांगायचे, तो नंतर, आधी याला घ्या. लोकांची पोरं घरी बसलेली असताना मॅनेजरने आपलं घोडं पुढे दामटलं, असं कुणी म्हणता कामा नये. चाळीत तसं म्हणायला टपलेले होतेच, नाही असं नाही.

शेवटी एका सरकारी कचेरीला दोघे हवे होते. एक नाव त्यांनी सांगितलं, दुसरं मॅनेजरांवर सोडलं. तो एक सोडला तर राहिलो होतो विजू आणि मी. मी सरळ म्हटलं, विजूला पाठवा, मला कोण विचारतंय, मी साधा राखीव. विजू तिथेच भिंतीला टेकून उभा होता. मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कोपरा शेवटी सोडायचा असतो," ते मला म्हणाले. "तुझं बिऱ्हाड आहे. तू जा."

माझं लग्न झालेलं होतं, मुलगी पाळण्यात होती. मी गेलो. मैदानावर त्यांनी साहेबाला नारळ दिला आणि माझी काय खोड सांगावी या विचारात पडले. मग म्हणाले, हा खेळत नाही फारसा, पण हा मैदान सोडून जात नाही. साहेब हसला. मी त्या कचेरीच्या संघातही राखीवच राहिलो, पण नोकरी पक्की झाली, अँटॉप हिलला सरकारी खोली मिळाली, मुलगी शिकली. हे सगळं त्या एका नारळावर.

विजूसाठी मात्र पुढे कुणी आलं नाही. ऑफिसांचे संघ भरले, खेळाडूंची भरती थांबली, मग विजूचं वय उलटलं. मॅनेजर नारळ घेऊन किती दारांत जाऊन आले ते त्यांनाच माहीत. गिरणी काही सुरू झाली नाही. विजू शिवडीला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागला. काकी तेवढं एकदाच बोलल्या, मी समोर असताना. "लोकांची पोरां मार्गाक लावलास. आपल्या पोराक मात्र धरून ठेवलंस."

त्यानंतर "आधी कोपरे सांगा" हे मॅनेजरांचं पालुपद मी ऐकलं नाही.

पण पावसाळा आला की संघ लावायचे ते लावायचेच. आम्ही भेटायला गेलो की आमच्या चपला घेऊन गॅलरीत बसायचे. कुणी म्हणायचं, मॅनेजरांचं डोकं फिरलं. फिरेना का, तुमच्या बापाचं काय गेलं? मी आपली चप्पल काढून मुकाट आत जाऊन बसायचो. त्यांचा हात डाव्या कोपऱ्याशी आला की थांबायचा, हे मी बघत होतो. विजूची चप्पल ठेवायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा ठेवायचे.

पुढे काकी गेल्या. मॅनेजरांना विसर पडायला लागला. मग तेही गेले, त्याला आता बराच काळ झाला. गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. कारण त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका दुपारी रडून झालं होतं, ते सांगतो आणि थांबतो.

मी निवृत्त झालो होतो. सहज लालबागला गेलो. दार विजूनेच उघडलं. केस पांढरे झालेले, अंगात वॉचमनचा गणवेश, पाळीवर निघायच्या बेतात. मॅनेजर गॅलरीत जमिनीवर बसले होते आणि समोर घरातल्या, शेजाऱ्यांच्या चपला मांडत होते. सहा लागल्या होत्या. डावा कोपरा रिकामा होता. त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. विजूलाही ते हल्ली ओळखत नव्हते.

विजू खाली बसला आणि त्याने आपला काळा बूट डाव्या कोपऱ्यावर ठेवला. रोजचंच असावं ते. रोज बापाचा संघ पुरा करून द्यायचा आणि कामाला जायचं.

मॅनेजरांनी त्या दिवशी तो बूट हाताने बाजूला सारला.

"ह्यो नको," ते म्हणाले. "तेका सोडलंय मी. बँकेत घेतल्यानी तेका. सगळ्यांच्या आधी तेकाच धाडलंय."

त्यांचा आवाज खणखणीत होता, नारळ देतानाच्यासारखा. विजू तसाच उकिडवा बसून राहिला. मला वाटलं, आता हा उठून आत जाईल. तो उठला नाही. त्याने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरा केलंस, बाबा," तो म्हणाला.

मॅनेजरांनी मान डोलावली. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात लांब केला, दाराशी काढलेली माझी चप्पल उचलली आणि डाव्या कोपऱ्यावर ठेवली. जरा मागे सरकवली, जरा तिरकी केली. मनाजोगती लागल्यावर भिंतीला टेकले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला.

विजूला पाळीवर जायचं होतं. त्याचा बूट मोकळा होता, त्याने तो पायात घातला, नाडी बांधली. माझ्या चपलेकडे पाहून म्हणाला, "दादा, घाला ना, झोपले ते."

मॅनेजर "उचला" म्हणाले नव्हते. मी म्हटलं, तू हो पुढे, मी बसतो.