डॉक्टरांपुढे ‘सरी’ म्हणायचं

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मी समाजसेविका होते. माहेर बेळगावचं, त्यामुळे कन्नड लहानपणापासून तोंडात बसलेलं. आनेकलच्या पलीकडच्या जंगलातून येणाऱ्या आदिवासी पेशंटना केस पेपर काढून देणं, तपासण्यांना नेणं, डॉक्टरांपुढे उभं करणं हे माझं काम.

ही माणसं प्रश्न फार विचारायची. पोट का कापायचं? कापून काढलेलं कुठे टाकणार? आम्ही सगळे बसून ठरवतो, मग सांगतो. डॉक्टर खेकसायचे, राउंड पुढे सरकायचा आणि पेशंट वैतागून न सांगता गावी निघून जायचे. मला हा घोळ परवडत नव्हता. मग मी वॉर्डात शिरण्याआधीच बजावू लागले, “डॉक्टर काहीही म्हणोत, ‘सरी’ म्हणायचं. वाद नको.” सरी म्हणजे बरं, ठीक आहे. कामं भराभर व्हायला लागली. माझे पेशंट किती शहाण्यासारखे वागतात, असं सिस्टर म्हणायच्या आणि मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

एक बाई पोटाच्या ऑपरेशनला आली. पंचविशीची असेल. तिच्याकडून मी नवऱ्यादेखत दोनदा घोकवून घेतलं. ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी राउंडला तरुण डॉक्टर आले आणि फाइलीतून मान वर न करता म्हणाले, “आता दुखत नाही ना? घरी जायचं?”

“सरी,” ती म्हणाली.

तिने खाटेची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. हे मला दिसलं. खोटं कशाला बोलू, चांगलं दिसलं. पण बाहेर व्हरांड्यात माझा दुसरा पेशंट दोन दिवस जमिनीवर पडून होता आणि मला ती खाट हवी होती. मी डिस्चार्जचा कागद डॉक्टरांपुढे सरकवला. दुपारी आनेकलच्या बसमध्ये त्या दोघांना मीच बसवून दिलं. कागद जपून ठेवा, पुन्हा याल तेव्हा लागतील, असंही वर सांगितलं.

महिन्याभराने नवरा एकटाच आला. प्लास्टिकच्या पिशवीतले कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवले. घरी गेल्यावर चौथ्या दिवशी ती गेली होती. पोट फुगलं, ताप चढला, आणि बस थांबते तिथवर उचलून आणेपर्यंत सगळं संपलं. आता हा ओरडेल, असं मला वाटलं. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मला रडू फुटलं, तसा तोच माझी समजूत घालायला लागला.

“रडू नका, अक्का. घरीसुद्धा ती दुखतंय म्हणाली नाही. आम्ही विचारलं की सरी म्हणायची. तुम्ही शिकवलं होतं तशीच वागली.”