टाचण्यांचा पाय

कपडे दुरुस्त करणाऱ्या मावशींच्या दुकानात टाचण्यांची उशी कधी नव्हतीच. डावा पाय गुडघ्याखाली नकली, पोटरीला स्पंज आणि वर जाड मोजा. टाचण्या टोचायला याहून हक्काची जागा कुठली? पँट आखूड करताना त्या स्वतःच्याच पोटरीतून टाचणी उपसत आणि नवख्या गिऱ्हाइकाचे डोळे पांढरे झाले की मनातल्या मनात खूश होत. बाविसाव्या वर्षी ट्रकखाली पाय गेला तेव्हा त्या वर्षभर रडल्या, घराबाहेर पडल्या नाहीत. मग रडण्याचाही कंटाळा आला. आता त्यांची एकच तक्रार होती: चपला मात्र दोन घ्याव्या लागतात.

अपंगत्व घेऊन कसं जगतात ते मुलांना सांगा म्हणून पाचवीच्या बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं. दारातच बाई कुजबुजल्या, "शेवटच्या बाकावरच्या मुलीला अपघातानंतर नकली पाय बसवलाय. महिना झाला, तोंडातून शब्द नाही. मधल्या सुट्टीतही जागची हलत नाही. आता म्हणते, शाळाच नको. तुम्ही तिच्याकडे बघू मात्र नका. आणि जरा गंभीर बोला, हं."

मावशींनी मान डोलावली. पण गंभीर बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. खुर्चीत बसून त्यांनी पिशवीतून मुख्याध्यापकांची दुरुस्तीला आलेली पँट काढली आणि वर्गात खसखस पिकली.

"मावशी, झोपताना पाय कुठे ठेवता?"

"पलंगाशेजारी. नवरा त्याला अडखळतो आणि त्याचीच माफी मागतो."

"आणि तो पळून गेला तर?"

"एकटा कुठे जाणार लंगडत? येईल परत."

मग पँटच्या दुमडीतल्या टाचण्या उपसून त्या पोटरीत खुपसू लागल्या. आधी किंकाळ्या, मग सगळा वर्ग तालात मोजायला लागला. एक! दोन! तीन! बाई कपाळाला हात लावून बसल्या. चौथ्या टाचणीला मावशींना राहवलं नाही. बघू नका म्हटलं होतं, म्हणूनच त्यांनी शेवटच्या बाकाकडे चोरून बघितलं, आणि टाचणी खचकन घुसली ती उजव्या पायात.

"आई गं!" मावशींना ब्रह्मांड आठवलं.

वर्गाला वाटलं, हाही खेळच. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात मागून एक आवाज खिदळला, "चुकीचा पाय! अहो मावशी, चुकीच्या पायात टोचलीत! माझंपण होतं असं. डास चावतो एका पायाला आणि मी खाजवत बसते दुसराच!"

सगळ्या माना मागे वळल्या. आपण बोललो हे लक्षात येऊन मुलगी लालबुंद झाली. मावशींना वाटलं, धावत जाऊन तिला कवटाळावं. पण त्यांनी डोळे वटारले.

"लांबून काय हसतेस गं? ये इकडे, टाचण्या धर."

मुलगी बाकांमधून टकटक चालत आली. तिनं एक टाचणी उचलली आणि आपल्या पायांकडे बघत विचारलं, "मीपण टोचू?"

"टोच की. पण आधी चिमटा काढून बघ, तुझा कुठला ते."

तिनं दोन्ही पायांना चिमटे काढले, खाली वाकली, टाचणी खुपसली आणि वर्ग हादरेल अशी किंचाळली. बाई धावल्या. मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"खोटं खोटं!" मुलगी हसून हसून लोळायची बाकी राहिली. टाचणी तिच्या नकली पोटरीच्या स्पंजातच होती. एवढ्या वर्षांत किती गिऱ्हाइकं घाबरवली होती मावशींनी, आणि आज एका चिमुरडीनं त्यांनाच बनवलं! त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी मुख्याध्यापकांच्या पँटला पुसले.

एवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

"बाई," मुलीनं टाचण्या मुठीत घेत विचारलं, "मी चौथीच्या वर्गात दाखवून येऊ?"