बाबांचा सोनेरी काड्यांचा चष्मा

"डाव्या डोळ्याचं आता काही होणार नाही. उजव्यात जे उरलंय ते राखता येतं का, पाहू." रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा बाबा स्टुलावर ताठ बसले होते आणि त्यांच्या नाकावर मी आणलेला सोनेरी काड्यांचा चष्मा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून घेतला, उजेडात धरला, स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहिला. "हा कोणी दिला?"

"माज्या पोरानं," बाबा म्हणाले. "मुंबैसून आनलान. लय ब्येस हाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "या चष्म्यानं डोळा बिघडलेला नाही. पण त्याच्या भरवशावर दोन वर्षं गेली."

ज्यांचे आईबाप गावी आणि आपण दूर चाकरीला, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. माझं जे चुकलं ते तुमचं चुकू नये, एवढाच हेतू.

आजाराचं नाव ग्लॉकोमा. आपल्याकडे त्याला काचबिंदू म्हणतात. डोळ्याच्या आत पाणी असतं. त्याला बाहेरची वाट मिळाली नाही की डोळा आतून ताठरतो आणि त्या दाबानं मागची नस मरत जाते. मेलेली नस परत येत नाही. डॉक्टरांनी माझं बोट आधी माझ्याच पापणीवर ठेवायला लावलं, मग बाबांच्या. बाबांचा डोळा सुपारीसारखा टणक लागला. मी बोट झटकन मागे घेतलं.

आमचं गाव रत्नागिरीकडच्या पावसजवळ. बाबा हापूसची कलमं बांधायचे. झाडाखाली बांधलेल्या मांडवावर ठेवलेल्या कुंडीतलं बाठ्याचं, म्हणजे कोयीचं, रोप हापूसच्या फांदीशी न्यायचं, दोघांची साल बेतानं तासायची, जखमेला जखम लावून केळीच्या सोपटाच्या पट्टीनं आवळायचं. हे काम भर पावसातलं. सुरी केसभर खोल गेली तरी कलम मरतं. त्यांनी बांधलेलं कलम फुकट जात नाही, असं पंचक्रोशीत बोललं जायचं.

मी ते काम कधी धड पाहिलंच नव्हतं. मी मुंबईला कापडाच्या दुकानात. पावसाळ्यात आगबोट बंद, ती सुरू झाली की गणपतीला यायचं, तोवर कलमं बांधून झालेली. आणि चाकरमान्यानं हात हलवत घरी जायचं नसतं. एका वर्षी छत्री नेली, एका वर्षी विजेरी. दर वर्षी बाबांनी ती वस्तू हातात फिरवली, "ब्येस हाय" म्हटलं आणि आईनं ती फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली.

चष्म्याचं मात्र मला मोठं कौतुक होतं. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा विचारपूर्वक भेट ती काय! फुटपाथवरच्या चष्मेवाल्यानं विचारलं, "वय?" मी म्हटलं, साठीचे. त्यानं पाच-सहा चष्मे पुढे टाकले आणि त्यांतला सगळ्यात झळकणारा मी उचलला. भिंगाचं मला काय कळतंय? आरतीला गाव जमेल आणि बाबांच्या नाकावर सोनं चमकेल, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. तसंच झालं. लोक म्हणाले, आता तुम्ही साहेब झालात. मीच फुगलो होतो.

त्यानंतर बाबांची शाळामास्तरांच्या हातची पत्रं यायची. प्रत्येकात एक ओळ ठरलेली: चष्म्यानं झकास दिसतं, काळजी करू नये. मी ती ओळ दुकानात इतरांना वाचून दाखवायचो.

घरी काय चाललं होतं ते आईनं नंतर सांगितलं. संध्याकाळी दिवा लावला की बाबा म्हणायचे, "दिव्याला खळं पडलंय." चंद्राला खळं, म्हणजे भोवती कडं, पडलं की पाऊस येतो, म्हणून आई वाळत घातलेलं आत घ्यायची. अर्धं कपाळ ठणकायचं, त्यावर सुंठीचा लेप. बाजूच्या वस्तूंवर आपटायचे, तर शेजारी म्हणाले, मोतीबिंदू आहे, तो पिकल्याशिवाय काढत नाहीत, पिकू दे. मोतीबिंदू पिकायची वाट पाहतात हे खरंच. पण हा मोतीबिंदू नव्हता आणि वाट पाहण्यात डोळाच गेला. त्या दोन पावसाळ्यांत बरीच कलमं मेली. बाबांनी दोष पावसाला दिला.

मला कळलं ते शिमग्याला. मी अंगणात त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो आणि ते समोर बघत विचारत होते, "कोन आलाय?" तिथून तीन पावलं चालले आणि फणसाच्या खोडावर खांदा आपटला. दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं भाट्याच्या खाडीपर्यंत आणि तिथून होडीनं पलीकडे, असं मी त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आधी पिलोकार्पिनचे थेंब दिले. त्यानं बाहुली बारीक होते आणि पाण्याला थोडी वाट मिळते. चार दिवस दर सकाळी डॉक्टर बोटांनी दाब पाहायचे. व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी फक्त डॉक्टरांच्या चपलांचा आवाज ऐकायचो. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "ट्रेफाइन करू. म्हणजे बुबुळाच्या कडेला बारीक भोक पाडून पाण्याला कायमची वाट. गेलेली नजर येणार नाही, हे दोघांनीही ऐकून ठेवा."

कोकेनचे थेंब घालून उजवा डोळा बधिर केला. शस्त्रक्रिया झाल्यावर दोन्ही डोळ्यांना पट्टी. डोकं हलू नये म्हणून दोन्हीकडे वाळूच्या पिशव्या. पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजायचं. खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. असे आठ दिवस.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा पट्टीखालून हळूच म्हणाले, "बाळू, त्या चष्म्यातनं मला कदीच काय दिसला नाय रे."

मला रागच आला. आजारी माणसावर ओरडू नये हे कळत होतं, तरी मी ओरडलो. "मग सांगितलं का नाहीत? पत्रात दर वेळी झकास कशाला लिहवलंत?"

"तू एवढा हौसेनं आनलास. तुजा मन कशाला मोडू?" मग म्हणाले, "आन तू तरी इचारलास कदी?"

नव्हतं विचारलं. छत्रीच्या वेळी नाही, विजेरीच्या वेळी नाही. त्यांना काय हवं असेल ते मी मुंबईत बसून ठरवत होतो आणि त्यालाच विचारपूर्वक म्हणत होतो. मी खाटेशेजारच्या बाकावर तोंड फिरवून बसलो आणि रडलो. पट्टी होती म्हणून त्यांना दिसलं नाही, असं मला वाटलं. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

मी विचारलं, "आता काय आणू?"

ते म्हणाले, "मेच्या शेवटच्या बोटीनं ये. पावसात ऱ्हा. माजी कलमं तू बांद."

म्हणजे पावसाळाभर मुंबई बंद. दुकानात तेवढी रजा मिळणार नव्हती, तशी ती मिळालीही नाही. बाबांनी मागितलेली भेट माझ्या चाकरीएवढी निघाली. द्यावी की नाही, यात माझा महिना गेला. ती सहज दिली असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पट्टी सुटल्यावर उजव्या डोळ्याला उजेड आणि समोर हललेला हात एवढं कळू लागलं. तेवढं आजही टिकून आहे, आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरात कोणी दिव्याला खळं पडलं म्हणालं, तर वाळवण आत घेऊ नका. माणसाला डॉक्टरकडे न्या. आणि गावी जाताना काही न्यायचं असेल, तर आधी विचारा.

चष्मा बाबांनी टाकला नाही. गणपतीत आरतीच्या वेळी अजून मागून घेतात. मी ओशाळतो, ते मजेत उभे असतात.

चाकरी सोडून मी मेच्या शेवटच्या बोटीनं आलो. पावसात मांडवावर आम्ही दोघं बसायचो, डोक्यावर पोत्याची खोळ. मी साल तासायचो, सोपट आवळायचो. बाबा गाठीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "सैल." मी सोडायचो, पुन्हा बांधायचो. "आता लय आवळलास." पुन्हा सोडायचो. पंधरा-वीस दिवस हेच. बोटं सुरीनं चिरली होती आणि मुंबईची आठवण रोज यायची.

मग एका सकाळी त्यांनी अंगठा फिरवला, परत एकदा फिरवला, आणि गाठ तशीच ठेवून चाचपडत पुढच्या कुंडीकडे हात नेला.