‘हव’ म्हणजे कबुली नव्हे

आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे पहिल्या वर्षाच्या पाच मुली सोपवल्या जात. तिने त्यांची ‘दीदी’ व्हायचं. लायब्ररीचं कार्ड कुठे मिळतं, चॅपेलमध्ये कधी उभं राहायचं आणि कधी मान खाली घालायची, मेसमध्ये प्रार्थना संपून ‘आमेन’ होईपर्यंत ताटाला हात का लावायचा नाही, हे सगळं दीदीने सांगायचं. कॉलेज ख्रिस्ती होतं, मुलींचं होतं, आणि शिकणाऱ्या बहुतेक जणी माझ्यासारख्या दुसऱ्याच घरांतल्या होत्या. म्हणून ही सोय. सोय चांगली होती, हे आधीच सांगून टाकते. माझा राग सोयीवर नाही.

दीदी व्हायला मी स्वतःहून नाव दिलं. त्याला कारण आमचं घर. बाबा रेल्वेत होते आणि नोकरीइतकंच त्यांचं दुसरं काम म्हणजे पत्रकं. जयंती आली, कुणावर अन्याय झाला, वस्तीतला नळ बंद पडला, की बाबा पत्रक लिहायचे, रायपूरच्या बूढ़ापारा भागातल्या एका गल्लीतल्या छापखान्यातून छापून आणायचे आणि आम्ही क्वार्टरच्या जमिनीवर बसून त्याच्या तीन घड्या घालायचो. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह ओळखता यायला लागलं, असं आई म्हणायची. अशा घरातल्या मुलीला पाच नव्या पोरींना धीट करायची संधी मिळाली, तर ती सोडेल?

आणि तरी मी त्यांना पहिल्याच दिवशी काय शिकवलं ते ऐका. “कोणी मोठ्यांनी काही विचारलं ना, तर ‘हव मैडम’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. वाद नाही घालायचा.” माझं पहिलं वर्ष मी याच मंत्रावर काढलं होतं. बाहेर पत्रकं, आत ‘हव मैडम’. तेव्हा मला ते हुशारीचं वाटायचं.

‘हव’ म्हणजे हो. पण नुसतं हो नाही. ऐकते आहे, बोला, कळलं, कळलं नाही पण तुमचा मान राखते, हे सगळं छत्तीसगढीत त्या एका शब्दात मावतं. आमच्या घरच्या मराठीतही तो कधीच येऊन बसला होता. म्हणजे मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

माझ्या पाचांमधली एक अभनपुरच्याही पुढच्या खेड्यातली होती. तिच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली पहिलीच. सामान घेऊन वडील आले होते. त्यांनी मला हात जोडून एवढंच सांगितलं, “हॉस्टल हे त पढ़ही बेटी, नइ त घर आ जही.” हॉस्टेल आहे तर शिकेल, नाहीतर घरी परत येईल. गावाहून रोज ये-जा करता येण्यासारखी बस नव्हती. हॉस्टेलमधली ती एक खाट होती तोवर तिचं शिक्षण होतं. खाट गेली की शिक्षण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपेल होतं. मी बाक धरून ठेवायला आधीच आत गेले होते. ती पायरीपाशी आली आणि तिने चपला काढल्या. मागच्या चौघींनीही काढल्या. त्यांच्या मागून येणाऱ्या इतर गटांतल्या मुलींनी पाहिलं, त्यांना वाटलं इथे काढायच्या असतात, त्यांनीही काढल्या. थोड्या वेळात पायरीवर चपलांची ही लांबलचक रांग.

नेमके त्या दिवशी पाहुणे होते. रायपूर राजधानी झाल्यापासून शहरात पाहुण्यांना तोटा नव्हता. सरकारी पाट्यांवरच्या जुन्या राज्याच्या नावावर नवा रंग चढला होता, खालची अक्षरं अजून दिसत होती, आणि रोज कुणी ना कुणी नवे साहेब कुठे ना कुठे हार घालून घेत होते. आमचे पाहुणे कुठल्याशा नव्या खात्याचे नवे अधिकारी. ते पायरीपाशी थबकले. चपलांकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं, आणि वॉर्डन मॅडमकडे वळून हसत म्हणाले, “मैडम, ये स्वागत है या धरना?”

आतल्या जुन्या मुली खिदळल्या. कॉलेजातल्या चॅपेलमध्ये सगळे पायताणासकट जातात. मला हे माहीत होतं. कसं माहीत होतं तेही सांगते. आदल्या वर्षी मीही त्याच पायरीवर चपला काढल्या होत्या, विहारात काढते तशा. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, ये मंदिर समझ के आई है!” मी गपकन चपला घातल्या आणि ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही. पाच मुलींना सगळं शिकवलं आणि नेमकं हेच शिकवलं नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती.

दुपारी वॉर्डननी तिला ऑफिसात बोलावलं. तिच्यानंतर मला. मी दारातल्या पडद्याबाहेर उभी होते आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

“चप्पल सबसे पहले तुमने उतारी?”

“हव मैडम.”

“किसी ने सिखाया था?”

“हव मैडम.”

“तुम्हारी दीदी ने? वो परचेवाली?” परचा म्हणजे पत्रक; आमच्या घरची ख्याती इथवर पोचली होती.

“हव मैडम.”

“मतलब चैपल के नियम का विरोध करना था?”

“हव मैडम.”

चार वेळा. मी सांगितलं होतं तसं, अगदी शब्दाला शब्द. पडदा माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मी तो बाजूला सारला नाही.

माझी पाळी आली तेव्हा रजिस्टरात लिहून झालं होतं: गुन्हा मान्य. मी म्हटलं, मॅडम, तिला प्रश्न कळलेच नाहीत. त्या म्हणाल्या, “चार बार हाँ बोली है. मैंने ख़ुद सुना.” माझं दीदीपण काढून घेतलं गेलं, त्याचं मला काही नाही. पण तिला सोमवारपर्यंतची मुदत मिळाली. इंग्रजीत टाइप केलेल्या माफीनाम्यावर सही करायची, नाहीतर खाट प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. वॉर्डन दुष्ट नव्हत्या. कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायच्या. पण त्यांना एका नव्या साहेबाच्या विनोदाची भीती वाटली आणि त्या भीतीची भरपाई एका खेड्यातल्या मुलीने करायची होती. हे मी तेव्हाही माफ केलं नाही, आताही करत नाही.

मी हॉस्टेलवर नव्हे, घरीच राहायचे. घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. असं लिहिलं की वाचून कॉलेजच्या भिंती थरथरतील. बाबा अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. तेलकट बोटं लागू नयेत म्हणून त्यांनी मलाच वाचायला लावलं. सगळं ऐकून घेतलं.

“भाषा जबर आहे,” ते म्हणाले. “त्या पोट्टीले विचारलं का तू?”

“तिले काय विचाराचं? अन्याय झाला न तिच्यावर!”

“मंग तू बी तेच करून राहिली. मॅडमनं निदान हव तरी म्हणून घेतलं तिच्याकडून. तू तर तेवढं बी नाही केलं.”

मी चिडले. बाबा चेन फिरवत राहिले. मी कागद घडी करून पुस्तकात ठेवला. पत्रकांच्या घरात पत्रक अडवलं जातं म्हणजे काय!

शनिवारी मी तिला मेसच्या मागे गाठलं. ती तिथे काकींसोबत तांदूळ निवडत बसायची. काकी म्हणजे मेसच्या स्वयंपाकीण, खेड्यातल्याच, आजीच्या काळापासून ख्रिस्ती. त्यांच्याशी छत्तीसगढीत बोलता यायचं, म्हणून ती तिथे रमायची. मी पत्रक काढून दाखवलं. तिने हातसुद्धा लावला नाही.

“मोर नाँव ले झन लिखव, दीदी.” माझ्या नावाने लिहू नका.

“मग सही करणार?”

तिने मान हलवली, नाही. “काबर माफी माँगहूँ? भगवान के घर म पनही पहिर के कइसे जातेंव?”

देवाच्या घरात पायताण घालून कशी जाणार होते, एवढंच तिचं म्हणणं. ना विरोध, ना धरना. मला माझ्या पत्रकातल्या ‘बंडखोर कन्या’ या शब्दांची शरम वाटली.

काकींचं सूप थांबलं. “ये बात म अतेक हल्ला होवत हे?” एवढ्याशा गोष्टीवरून इतका गोंधळ? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, आमच्या गावच्या गिरजात तर सगळे पनही बाहेर काढतात, पाळकसुद्धा. चटईवर बसतात. बूट घालून चर्चमध्ये जाणारी माणसं त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती शहरात आल्यावर, आणि तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटलं होतं.

सोमवारी आम्ही तिघी ऑफिसात गेलो. काकी पदराला हात पुसत टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. वॉर्डनचा चेहरा जरा उतरला.

“यहाँ का नियम अलग है, काकी.”

“अलग हे त पहिली दिन बता देतेव, मैडम. यीशु त नइ खिसियाइस.”

येशू तर रागावला नाही! वॉर्डननी पटकन खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटतं त्यांना हसू आलं होतं. पण त्यांनी माफीनामा पुढे सरकवलाच. “ठीक है, ठीक है. दस्तख़त कर दो, बात ख़तम. पढ़ लिया न? समझ गई?”

तिने कागदाकडे पाहिलं. मला पुढचा शब्द ठाऊक होता. मीच शिकवला होता. तो उच्चारला की सही, सही झाली की खाट राहणार आणि त्या खाटेवर ती तीन वर्षं गुन्हेगार म्हणून झोपणार.

“नइ समझेंव, मैडम,” ती म्हणाली.

समजलं नाही. आवाज बारीक होता, पण शब्द पुरते होते. वॉर्डननी कागद उचलला आणि हिंदीत वाचून दाखवायला सुरुवात केली. ‘दूसरों के बहकावे में आकर, संस्था का अपमान करने के इरादे से...’ तिथे त्या अडकल्या. स्वतःच टाइप करवून घेतलेलं वाक्य स्वतःच्याच तोंडून, त्या मुलीच्या डोळ्यांसमोर, त्यांना पुढे नेता येईना.

“अपमान का इरादा था?” त्यांनी हळू विचारलं.

“नइ रिहिस.”

“दीदी ने सिखाया था?”

“नइ. दीदी त येला बताबेच नइ करिस.” दीदीने हे सांगितलंच नाही. खरं होतं. मी मान खाली घातली.

कागद ड्रॉवरमध्ये गेला. खाट राहिली. “कल से चप्पल पहन के आना,” वॉर्डन म्हणाल्या. ती म्हणाली, “समझेंव. फेर काबर?” कळलं, पण का? आम्हाला वर्गात जायला सांगितलं गेलं.

मी मागे थांबून रजिस्टरातली ती ओळ खोडायला सांगितली. रजिस्टरात खोडाखोड चालत नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे तिचे ते चार ‘हव’ कबुली म्हणून तिथेच बसून आहेत, आणि ज्या प्रश्नांना ते दिले गेले त्यांचं कुठेच काही लिहिलेलं नाही. मुलीला बोलायला न शिकवता तिचं बोलणं लिहून ठेवणारी ही जी रजिस्टरं आहेत, त्यांच्याविषयी माझ्याजवळ चांगला शब्द नाही. आणि ‘हव म्हणा आणि पुढे सरका’ शिकवणाऱ्या दीदीविषयीही नाही.

पुढच्या वर्षी ती स्वतः दीदी झाली. पहिल्या चॅपेलच्या सकाळी मी तिकडून जात होते. पायरीवर तिच्या पाच जणी उभ्या होत्या, एकीचा पाय अर्धा चपलेबाहेर. ती त्यांना सांगत होती, “इहाँ पनही पहिर के जाथें. काबर, ये मोला झन पूछव. मैडम ला पूछव.”

आणि त्यातली एक खरंच मॅडमना विचारायला निघाली.