कोपरातून वर गेलेले हात

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली होती. दुसऱ्या धर्माच्या एका जोडप्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा की नाही, एवढाच विषय. ते दोघं उत्तराची वाट पाहत फाटकाबाहेर उभे होते.

तळमजल्यावरचे देशमुख गरजले, "नाही म्हणजे नाही! पटतंय त्यांनी हात वर करा." त्यांचा हात ताठ वर गेला. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. मग एकेक हात कोपरातून उचलला गेला आणि कानाशी थांबला. शेजारच्या जोशीकाकू हात तसाच धरून माझ्याकडे झुकल्या, "चांगली आहेत हो ती माणसं."

आमची मतं अशीच, कुजबुजण्यापुरती. देशमुखांचं पार्किंगभर घुमलं, म्हणून तेच सगळ्यांचं ठरलं.

मी फाटकाकडे पाहिलं. तिथून सगळेच हात ताठ दिसत असणार.