आमच्या बांधावरचे खड्डे

मागच्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की सुट्टीच्या दिवशीही कामावर जातेस आणि साहेबांनी बढती नक्की म्हटली आहे. मी नुसतं "हो का?" म्हणाले. तुला ते लागलं. तुम्हा दोघा भावंडांना वाटतं, आजीला कुणाच्या कष्टांचं काही नाही. तसं नाही. माझा संशय "कष्ट केले, मग मिळेलच" या शब्दांवर आहे. तो कुठून आला, ते क्रमाने लिहिते.

लग्न होऊन मी पिंपळगाव राजाजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. मी बुलढाण्याच्या मास्तरांची मुलगी, इंग्रजी घेऊन इंटरपर्यंत शिकलेली. सासरी वांगी-मिरच्यांचं वावर होतं. माझे सासरे म्हणजे तुमचे पणजोबा. मी त्यांना मामाजी म्हणत असे. ते उजाडायच्या आत बैल जुंपून विहिरीवर मोट हाकायचे. विहिरीला उन्हाळाभर पाणी असे, तरी मोटेने अर्धंच वावर भिजे, उरलेलं पडीक राही. विजेचा पंप बसला असता तर सगळं वावर हिरवं झालं असतं. म्हणून गावात वीज येणार आणि खांबांची रांग आपल्या बांधावरून जाणार हे कळलं, तेव्हा घरात दुसरा विषयच राहिला नाही.

वीज मंडळाचा एक ओव्हरसियर आला, त्याने बांधावर खांबांच्या जागी लाकडी खुंट्या ठोकल्या. दुपारी आमच्याकडे जेवला. हात धुताना म्हणाला, "खड्डे तयार असले तर तुमचं कनेक्शन पहिलं." मी ताट उचलत होते. हे बोलताना तो मामाजींकडे नाही, टॉवेलाकडे बघत होता. मला ते तेव्हाच खटकलं.

दुसऱ्याच दिवशी मामाजी सब्बल आणि टिकास, म्हणजे पहार आणि कुदळ, घेऊन बांधावर गेले. जमीन मुरमाड. घाव घातला की ठिणगी उडायची. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भाकर घेऊन गेल्या, मी मागे.

"सरकारनं तुम्हाले कामावर ठेवलं का? ठेकेदाराचे मानसं कायले हायेत मंग?"

"ते येतीन तवा येतीन. आपलं काम तयार पाह्यजे."

"अन् मोट?"

"राह्यली चार दिस. मंग मोट कोन हाकते वं? तू बटन दाबजो अन् पानी पाहजो."

"हाव, बटन मी दाबीन, तुम्ही झोपजा!"

वाटेने जाणारा शेजारी थांबला. "मामा, माह्याकडचाही एक खंदता का? पगार सरकारकून घ्या." मामाजी खड्ड्यातूनच हसले. छातीपर्यंत आत गेले होते.

शेवटचा खड्डा झाला आणि काही दिवसांनी, मामाजींनी खड्ड्यांच्या कडेला पुन्हा ठोकलेल्या खुंट्या दिसेनाशा झाल्या. पोरांनी चुलीला नेल्या असतील, असं आत्याबाई म्हणाल्या. मी बांधावरून चालत गेले. आमच्या बांधावरची एकही खुंटी उरली नव्हती, आणि शेजारच्या बांधावरचं वाळकं जळण मात्र तसंच पडलेलं होतं. जळण गोळा करणारी पोरं असं का करतील?

मग खांब आले. ते आमच्याकडे वळलेच नाहीत. नाल्यापलीकडून, गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराच्या वावरात शिरले. त्यांची विहीर होळीच्या आत तळ दाखवायची. ओव्हरसियरचा मुक्काम आता त्यांच्या माडीवर असे. तिथे काय ठरलं ते मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

तुमच्या आजोबांना घेऊन मी ओव्हरसियरला चावडीपाशी गाठलं. लाइन का वळवली, एवढंच विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "टेक्निकल ग्राउंड्स, मॅडम." खेड्यातली बाई इथे गप्प बसेल, असा त्याचा हिशेब असावा. मीही इंग्रजीतच विचारलं, कोणती ग्राउंड्स? त्याने घड्याळ पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चाल बे, निघू."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. मामाजी म्हणाले, "खड्डे उथळ झाले असतीन." सकाळी ते पुन्हा बांधावर गेले आणि पहिला खड्डा आणखी खोल करू लागले. नाल्यापलीकडे तारा ओढणं चालू होतं. आत्याबाई ओरडल्या, "आता कोनाले दाखवता?" पण ते खणत राहिले. त्यांचा मला फार राग आला. आपलीच मेहनत कमी पडली असं मानलं की दिलेल्या शब्दावरचा विश्वास आणि बाकी सगळं जागच्या जागी राहतं, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. दोन-तीन दिवसांनी ते आपणहून थांबले. बैलाचा पाय जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून खड्डे बुजवले. त्या उन्हाळ्यातही अर्धं वावर पडीकच राहिलं.

पावसाळा सरल्यावर गावाने श्रमदानातून रस्ता करायचं ठरवलं. अशा कामाला मामाजी नेहमी सगळ्यांच्या आधी हजर. सरपंच चार माणसं घेऊन दाराशी आले. मामाजींनी टिकास उचलली, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"रस्ता कोनाच्या वावराकून चाल्ला?"

सरपंच हसले. "मामा, तुम्ही काऊन इचारता? तुम्ही तं सगळ्याच्या आंधी येता."

"इचारून राह्यलो. सांगा."

मामाजींनी टिकास भिंतीला टेकवली आणि उत्तर येईपर्यंत ओट्यावर बसून राहिले.